देठाकडचा काप

"वरच्या त्या मुलीचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. तिच्या मिक्सरचा तेवढा रोज ऐकते."

खालच्या मजल्यावरच्या काकू कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना हे सांगत होत्या. मी अर्धा जिना वर, ओल्या कचऱ्याची बादली घेऊन उभी होते. काकूंना मी दिसत नव्हते. परत वर जावं की खाली उतरावं, हे माझं ठरत होतं तेवढ्यात मावशींनीच मान वर केली.

"आल्या बघा," त्या म्हणाल्या आणि बादलीत डोकावल्या. "रोज एवढा चोथा? तुमच्यात काय गुऱ्हाळ हाय का?"

काकू हसल्या. मीही हसले, बादली रिकामी केली आणि वर आले. दार लावून घेतल्यावर मला उत्तर सुचलं. चांगलं होतं, पण आता आठवत नाही.

माझं हे नेहमीचंच होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलत असू, पण बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मग मी त्याचं मराठी करायचे, मग ते पुस्तकी वाटत नाही ना हे तपासायचे, आणि तोवर बोलणं पुढच्या विषयावर गेलेलं असायचं. काही नातेवाईक याला शिष्टपणा म्हणत. आई लाजाळूपणा म्हणायची. मला तो नुसता उशीर वाटायचा. काम मी घरूनच करत होते, शाळेच्या इंग्रजी पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं. त्यामुळे उशिराने कुणाचं काही अडत नव्हतं.

कोथरूडच्या त्या सोसायटीत येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधीची सगळी वर्षं खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेली. बाबा तिथे तपासणी विभागात होते. तयार झालेल्या मालातला नमुना काढायचा, तो तपासायचा, आणि सही केल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही, हे त्यांनी तेहेतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर आठव्या महिन्यात एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, आणि आईला एक गोष्ट दोनदा बजावली. उलट्या-जुलाब सुरू झाले, बीपी एकदम खाली आलं, तर घरी उपाय करत बसायचं नाही, ताबडतोब घेऊन यायचं. अशा हृदयाला तेवढंही पुरतं, असं ते म्हणाले. आईने ते वाक्य फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवलं.

रसाबद्दल डॉक्टर काही म्हणाले नव्हते. रस टेकडीवरून आला.

बाबा पहाटे टेकडीवर जायला लागले, तिथे त्यांना दोन सोबती मिळाले. एक बँकेतून निवृत्त झालेले. घरात आम्ही त्यांना बँकवाले काका म्हणायचो. ते शिडशिडीत होते आणि कौतुकही तक्रारीच्या सुरात करायचे. दुसरे शेतवाले काका. त्यांचं गाव शहरात येऊन बरीच वर्षं झाली होती. जमिनीवर आता इमारती होत्या. तरी विहिरीभोवतीचा एक तुकडा त्यांनी ठेवला होता आणि रोज टेकडीवरून थेट तिकडे जात. त्या दोघांनाही साखरेचा त्रास होता आणि दोघेही सकाळी अनशापोटी भाज्यांचा रस घेत. पंधरा दिवसांत बाबांनीही रस सुरू केला.

बाबांनी केलेली कुठलीही गोष्ट तक्त्याशिवाय नसे. फ्रिजच्या दारावर एक कागद लागला. सोमवार, बुधवार, शनिवार दुधी. मंगळवार, शुक्रवार कारलं. गुरुवारी कोहळा. रविवारी गाजर-बीट, तेही आईच्या आग्रहावरून, कारण आठवड्यातून एकदा तरी गोड रंगाचं काही पोटात जावं असं तिला वाटायचं. मिक्सर तोच जुना, खडकीहून आणलेला. ओट्यावर तो चालताना सरकायचा, म्हणून बाबांनी त्याच्याखाली रबराची चटई कापून बसवली. तरीही आवाज खाली जातच होता, हे मला जिन्यात कळलंच.

आईची शाळा सकाळची, कसबा पेठेत. ती साडेसहाला गाडी काढायची. त्यामुळे रस करणं माझ्याकडे आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मिक्सर चालू असताना कुणी तुमच्याशी बोलत नाही.

दुधीची कृती साधी होती. साल काढायची, आतलं मऊ बी असलं तर राहू द्यायचं, जून असलं तर काढून टाकायचं. फोडी लहान करायच्या, नाहीतर पात्याखाली अडकतात आणि मिक्सर नुसताच घुमतो. पुदिन्याची आठ-दहा पानं, आल्याचा तुकडा, आवळा असला तर आवळा. पाणी अगदी बेताचं. आधी थांबत थांबत फिरवायचं, फोडी बसल्या की मग सलग. वर फेस येतो. तो खाली बसेपर्यंत थांबलं तर रस काळवंडायला लागतो, म्हणून लगेच गाळायचा, चोथा पळीने दाबायचा, काळं मीठ आणि जिऱ्याची पूड घालायची आणि ग्लास पुढे करायचा. आई संध्याकाळी चोथ्याची थालीपीठं लावायची. रोज रोज तेही खाणं होईना, म्हणून उरलेला बादलीत जाई.

पण या सगळ्याच्या आधी एक काम होतं, आणि ते आईने मला पहिल्याच दिवशी उभं राहून करायला लावलं. देठाकडचा पातळ काप काढायचा आणि जिभेवर ठेवायचा.

"प्रत्येक दुधी?" मी विचारलं.

"प्रत्येक. काल गोड निघाला म्हणून आज गोड असतो असं नाही. जरा जरी कडू लागला तरी अख्खा टाकून द्यायचा. भाजी नाही, थालीपीठ नाही, काही नाही."

तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासूबाईंनी कडू दुधीचा रस घेतला होता. औषधच आहे, कडू असणारच, असं म्हणून ग्लास संपवला. तासाभरात रक्ताच्या उलट्या, बीपी खाली. आठवडाभर त्या अतिदक्षता विभागात होत्या. आईने हे सांगताना बाबांकडे पाहिलं नाही, फाइल ठेवलेल्या कपाटाकडे पाहिलं.

बाबांना हा नियम फारच आवडला. "म्हणजे नमुना तपासणी," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी सुरी घेतली की हॉलमधून ते विचारायचे, "इन्स्पेक्शन झालं?" मी म्हणायचे, "झालं." आमच्यात सकाळी होणारं बोलणं बहुधा तेवढंच. मला ते पुरत असे, आणि मला वाटतं त्यांनाही.

शनिवारी मात्र दोन्ही काका टेकडी उतरून आमच्याकडे यायचे. ही पद्धत कशी पडली मला माहीत नाही. एकदा बाबांनी बोलावलं असेल, पुढे तो तक्त्याचाच भाग झाला. तिघं हॉलमध्ये बसत. मी ट्रे नेऊन टीपॉयवर ठेवायचे, मान हलवायचे आणि परत स्वयंपाकघरात यायचे. दार अर्धवट लोटलेलं असायचं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

रस पिण्यातही त्यांची एक रीत होती. पाहुण्यांनी आधी प्यायचं. दोघांचे अर्धे ग्लास होईपर्यंत बाबा आपला ग्लास उचलत नसत. एकदा उचलला की मात्र ओठांना लावून डोळे मिटून एका दमात रिकामा. कारखान्यात चहाची सुट्टी दहा मिनिटांची असायची, ती सवय गेली नव्हती. तिसरी गोष्ट, तोंड वाकडं करायचं नाही. हे कारल्यामुळे आलं होतं. तिघंही आठवड्यातून दोनदा आपापल्या घरी कारल्याचा रस घेत आणि त्याबद्दल एकमेकांना असं सांगत की जणू गड चढून आले आहेत.

"काल दोन कारली होती," शेतवाले काका म्हणायचे. "पण डोळा मिटला न्हाई."

"तुमचं काय सांगता," बँकवाले काका म्हणायचे. "आमच्याकडे कारल्यापेक्षा ते देणाऱ्याचा चेहरा कडू असतो. त्यापुढे कारलं गोड लागतं."

बाबा हसायचे. क्वार्टर्समधून आल्यापासून ते असे हसलेले मी फार पाहिले नव्हते. छातीत दुखून गेल्यानंतर तर नाहीच. म्हणून मी शनिवारी मला कितीही अवघडल्यासारखं झालं तरी तीन ग्लास वेळेवर बाहेर नेत होते.

त्या शनिवारी फ्रिजमध्ये दुधी होता. आदल्या दिवशी मीच आणला होता, कोवळा, नख लावलं तर लागेल असा. मी तो धुवून ओट्यावर ठेवला आणि बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. नेहमीप्रमाणे चपला काढल्याचा आवाज आला, पण मग पावलं हॉलमध्ये न थांबता स्वयंपाकघरापर्यंत आली. दारात शेतवाले काका उभे होते. हातात पिशवी. त्यांनी आतून एक दुधी काढला आणि माझ्या दुधीच्या शेजारी ठेवला. हा बुटका होता, खाली फुगलेला, फिकट हिरवा.

"पोरी, आज ह्याचा कर. बाजारातलं न्हाई, आपल्या विहिरीवरचं हाय. म्या लावलाबी न्हाई. कुंपणावर आपसूक वेल आला. उन्हाळाभर थेंब पाणी घातलं न्हाई, तरी बघ कसा धरला. खत न्हाई, फवारा न्हाई. असला तुला शहरात गावायचा न्हाई."

मी मान हलवली.

"कर, कर. म्या बघतो तुझं मशीन कसं चालतंय ते."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी कुणी उभं राहत नसे. मी त्यांच्याकडे पाठ केली, सालकाढणी घेतली आणि साल काढू लागले. साल जाड होती. मग सुरी घेतली, देठाकडचा काप काढला आणि हातात धरला.

आता तो जिभेवर ठेवायचा होता.

याबद्दल मी नंतर बराच विचार केला आहे. कारण अगदी छोटं होतं. ते बघत होते. त्यांनी जमिनीच्या शेवटच्या तुकड्यातून पिशवीत घालून, टेकडी चढून-उतरून आणलेली वस्तू मी त्यांच्यासमोर चाखून पाहिली असती, तर ते म्हणाले असते, काय गं, भरवसा न्हाई व्हय? आणि त्यावर मला उत्तर द्यावं लागलं असतं. आईचा नियम सांगावा लागला असता, त्या बाईंच्या सासूबाई सांगाव्या लागल्या असत्या, आणि हे तुमच्या दुधीबद्दल नाही, सगळ्याच दुधींबद्दल आहे, हेही नीट सांगावं लागलं असतं. एवढी वाक्यं माझ्याकडे तयार नव्हती. मी तो काप सालींवर टाकला आणि फोडी करायला घेतल्या.

"इन्स्पेक्शन झालं?" हॉलमधून बाबांनी विचारलं.

मी मिक्सरचं बटण दाबलं.

शेतवाले काका मिक्सर थांबेपर्यंत उभे राहिले. "बेस," म्हणाले आणि हॉलमध्ये गेले. मी गाळला, पळीने चोथा दाबला, मीठ आणि जिरेपूड घातली, तीन ग्लास भरले. गाळणीखाली अर्धी वाटी रस उरला, तो माझा. ट्रे नेऊन ठेवला, मान हलवली, परत आले, दार लोटलं.

मग मी वाटी तोंडाला लावली.

कारल्याचा कडूपणा जिभेवर आल्या आल्या कळतो. हा तसा नव्हता. आधी पुदिना आला, मग मीठ, आणि मग घशाच्या सुरुवातीला काहीतरी चिकटलं आणि तिथेच वाढत गेलं. मी बेसिनमध्ये थुंकले. काळं मीठ जुनं झालं असेल, असं पहिल्यांदा मनात आलं. डबा उघडून मीठ जिभेवर ठेवलं. मीठ ठीक होतं. मग मी सालींच्या ढिगातून तो देठाकडचा काप शोधून काढला, धुतला आणि दातांनी त्याचा कोपरा तोडला.

हे सगळं करायला अर्धं मिनिट लागलं असेल. तेवढ्या वेळात बाहेर असं बोलणं चाललं होतं.

"आज कारलं घातलंय का हो?" हे बँकवाले काका. "तक्त्यात शनिवारी दुधी आहे ना? की तक्ताही निवृत्त झाला?"

"कारलं कुठलं? दुधी हाय, आमच्या विहिरीवरचा."

"मग विहिरीत काय घातलंय तुम्ही?"

"अहो, गावरान हाय. चव लागणारच त्याला. बाजारातला नुसता पाणचट. जरा कडू असंल तर साखरेला चांगलंच की. आं? एवढ्यानं तोंड वाकडं केलं?"

"मी? छे. माझं तोंड मुळातच असं आहे."

बाबा हसले. काचेवर काच टेकल्याचा आवाज आला.

मी दारापाशी आले. फटीतून टीपॉय दिसत होता. बँकवाल्या काकांच्या ग्लासात दोन बोटं कमी झालेली. शेतवाल्या काकांनी एक घोट घेतलेला आणि दुसरा घ्यायला ग्लास उचललेला. त्यांना नक्कीच कडू लागत होतं. मला त्यांची मान दिसत होती, गिळताना ती जराशी थांबली. पण दुधी त्यांचा होता. बाबांचा ग्लास अजून टीपॉयवर, भरलेला. पाहुण्यांचे अर्धे व्हायचे होते.

माझ्या डोक्यात वाक्य तयार होऊ लागलं. ते इंग्रजीत होतं आणि अतिशय सभ्य होतं. काका, माफ करा, मला वाटतं की कदाचित. मी ते मराठीत आणू लागले. कदाचितच्या पुढे काय म्हणायचं ते ठरेना. शेतवाल्या काकांचं नाव न घेता सांगता येईल का, ते पाहिलं. येत नव्हतं. बाबांनाच हाक मारून आत बोलावावं, असं मनात आलं. मी हाक मारली असती तर ते म्हणाले असते, आलो, आणि ग्लास संपवून आले असते. परत मिक्सर लावावा, असाही एक वेडगळ विचार आला. तो चालू असला की हॉलमधलं सगळं थांबतं, सगळे स्वयंपाकघराकडे बघतात. माझी नजर ओट्यावरच्या बटणाकडे गेलीही. भांडं रिकामं होतं.

"घ्या आता तुम्ही," शेतवाले काका बाबांना म्हणाले. "आमचं आर्धं झालं धरा."

"असं कसं धरा? बँकेत धरून चालत नाही," बँकवाले काका म्हणाले. तरी त्यांनीच ग्लास उचलून बाबांच्या हातात दिला. "घ्या. आम्ही दोघं वाचलो तर तुम्हीही वाचाल."

बाबांनी ग्लास हातात घेतला. तो त्यांच्या उजव्या हातात होता, ज्याच्या मनगटातून अँजिओप्लास्टीची तार घातली होती त्या. तिथे अजून एक बारीक काळसर ठिपका होता. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरून रंग पाहिला, ही त्यांची सवय. मग डोळे मिटले.

मी दार ढकललं. ते भिंतीवर आपटलं. त्याचा आवाज एवढा होईल असं मला वाटलं नव्हतं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांनी डोळे उघडून. माझ्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात कोपरा तोडलेला काप. खालच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी बोलले, हे मला त्यांनीच पुढे जिन्यात सांगितलं. वाक्य आधी कुठल्या भाषेत तयार झालं, की झालंच नाही, ते मला आठवत नाही.

"बाबा, ग्लास खाली ठेवा. काका, तुम्हीही. कुणीही पिऊ नका. दुधी कडू आहे, आणि आज मी तो चाखला नव्हता."